आईच्या यकृतातला बर्फ

आई जिथे काम करते त्या गुलाबांच्या पॉलिहाऊसवर वर्षातून एकदा आरोग्य तपासणी होते. फुलांच्या पेट्या बाजूला सारून शेडमध्ये टेबले मांडतात, ओळीने रक्त घेतात आणि प्रत्येकीच्या हातावर बिस्किटांचा पुडा ठेवतात. आई बहुधा त्या पुड्यासाठीच जात असे, कारण आजवर तिच्या रक्तात कधी काही निघाले नव्हते. या वेळी निघाले. हेपॅटायटिस बीचा विषाणू तिच्या शरीरात किती वर्षे मुक्काम करून होता, हे कोणालाच सांगता आले नाही. मग तळेगावला सोनोग्राफी झाली, पुण्यात सीटी स्कॅन झाला, आणि यकृताच्या उजव्या भागात, पित्तनलिकेला जवळजवळ खेटून बसलेली एक गाठ दिसली. कर्करोगाची होती, पण लहान होती. लहान असणे ही चांगली बातमी आहे, असे मला तीन डॉक्टरांनी सांगितले. उपाय मात्र तिघांनी तीन सांगितले.

मावळातल्या कान्हे गावी, आमच्या घराच्या ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या आईला मी हे समजावू लागले, तेव्हा तिने मला पहिल्याच शब्दावर थांबवले.

“यकृत म्हंजी नेमकं काय?”

“कलेजी, आई.”

“बोकडाची असती ती?”

“तीच.”

“मंग तसं म्हण की. कलेजीत गाठ निघाली तर खाटीक तेवढी कापून फेकतो आन् बाकीची तोलून देतो. त्यात काय एवढं?”

पहिल्या डॉक्टरांचे म्हणणे नेमके हेच होते. पोट उघडायचे, गाठ आणि भोवतीचा भाग कापून काढायचा. अडचण इतकीच की विषाणूने आईचे उरलेले यकृतही कडक करून ठेवले होते. कापल्यावर मागे राहील तेवढे तिला पुरेल का, याबद्दल ते स्वतःच पुरेसे निःशंक नव्हते. दुसऱ्या डॉक्टरांनी कातडीतून एक सुई आत घालून गाठ उष्णतेने जाळण्याचा उपाय सुचवला. पण शेजारच्या पित्तनलिकेला ती आच सोसेल का, या प्रश्नावर त्यांनी स्कॅनची चित्रे पुन्हा पहिल्यापासून पाहिली. तिसऱ्या डॉक्टर स्कॅनमध्ये पाहत सुईने उपचार करणाऱ्या होत्या. त्यांनी सुईच वापरायची, पण उष्णतेऐवजी थंडी, असे सांगितले. सुईच्या टोकाशी आर्गॉन वायू सोडायचा, तिथे बर्फाचा गोळा तयार करायचा आणि गाठ त्यात गोठवून मारायची. पित्तनलिका थंडी थोडी बरी सोसते, असे त्यांचे मत होते. प्रत्येकाने उरलेल्या दोघांविषयी आदराने बोलून त्यांचा उपाय बाजूला ठेवला.

माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. घरातली पहिली पदवीधर मी, आणि आता पीएच.डी.साठी परदेशी विद्यापीठांकडे अर्ज करणारीही मीच. त्यामुळे निर्णय मी करावा, असे सर्वांनी न बोलता ठरवून टाकले. एखादा प्रश्न समोर आला की त्याचे तुकडे पाडायचे आणि एकेका तुकड्याचे उत्तर शोधायचे, ही माझी पद्धत. या प्रश्नाचेही तुकडे व्यवस्थित पडले. उत्तरे मात्र एकमेकांना खोडू लागली.

त्यातही तिसऱ्या उपायाने मला जितके गोंधळात टाकले तितके बाकीच्यांनी नाही, कारण थंडी हाच माझा विषय आहे. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी पेशी गोठवून साठवण्याचे काम करते. पेशी थंड करताना घाई करायची नसते. तापमान इतक्या सावकाश उतरवायचे की पेशीतल्या पाण्याला बाहेर पडायला सवड मिळावी. नाहीतर आतच बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशी फाटते. वितळवताना मात्र उलटे. कुपी द्रवरूप नायट्रोजनमधून काढली की थेट कोमट पाण्यात धरायची. जितकी लवकर वितळेल तितक्या अधिक पेशी जगतात.

“आम्ही तुमच्या अगदी विरुद्ध करतो,” तिसऱ्या डॉक्टर म्हणाल्या. “झपाट्याने गोठवतो, सावकाश वितळू देतो, आणि पुन्हा एकदा गोठवतो.”

ते वाक्य मला पूर्णपणे समजले. गोंधळ तिथूनच सुरू झाला. कारण आमच्या सर्वांत बिघडलेल्या कुपीतसुद्धा, जिथे सगळे चुकलेले असते तिथेही, सूक्ष्मदर्शकाखाली दोन-चार पेशी जिवंत सापडतात. त्या सापडल्या की आम्ही एकमेकींना हाका मारून बोलावतो. आयुष्यात प्रथमच मला त्या वाचलेल्या पेशींची भीती वाटली.

आईची शंका याच्याच जवळपासची होती, फक्त ती तिने अधिक थेट मांडली. “गुलाबं आमी कोल्डरूममदी कशाला ठेवतो? टिकाया. सकाळी तोडलेलं फूल परदेशात जाऊन उमलतं ते थंडीच्या जोरावर. आन् ही डाक्टरीणबाई म्हणती, गाठ गार करती. टिकंल की गं ती! ताजीतवानी ऱ्हाईल आतमदी.”

मी तिला समजावायचा प्रयत्न केला. काही वर्षांपूर्वी त्यांच्या कोल्डरूमचे यंत्र बिघडून थंडी प्रमाणाबाहेर वाढली होती. सकाळी दार उघडले तर पाकळ्या काचेसारख्या झालेल्या, आणि ऊन चढताच त्याच पाकळ्या काळ्या पडून गळू लागल्या होत्या. त्या दिवशी आई घरी येऊन जेवली नव्हती, हे मला आठवत होते.

“ती थंडी न्हाई. तो बिघाड,” आई म्हणाली.

“तोच बिघाड मुद्दाम करायचा, आई. फक्त सुईच्या टोकापुरता.”

ती विचारात पडली. माझे उदाहरण लागू पडले, असे मला वाटले. मग तिने निवडलेली मेथी टोपलीत लोटली आणि म्हणाली, “तवा आख्खी खोली गेली. एक बंच वाचला न्हाई. एकच फूल मेलं आन् त्याला चिकटून होतं ते हसत राहिलं, असं कुटं झालं? मंग माजी बाकीची कलेजी कशी वाचंल?”

“आत रक्त वाहत असतं ना. ते गरम असतं. ते थंडीला पुढे सरकू देत नाही.”

हे उत्तर शास्त्रदृष्ट्या बरोबर होते. पण बोलता बोलताच माझ्या लक्षात आले की तेच गरम रक्त गाठीच्या कडेलाही ऊब देत असणार. बाकीच्या यकृताला जे वाचवते, तेच गाठीच्या शेवटच्या पेशींनाही वाचवू शकते. मी मेथीच्या काड्या गोळा करू लागले. आईला वाटले, मी तिला पटवण्याचे सोडून दिले.

रविवारी मामा लोणावळ्याहून आला. आईचा धाकटा भाऊ, रेल्वेतून निवृत्त झालेला. त्याचा पित्ताशय काही वर्षांपूर्वी काढला, तेव्हा डॉक्टरांनी त्यातले खडे बाटलीत घालून दिले होते. ती बाटली त्याच्या शोकेसमध्ये, लग्नाच्या फोटोशेजारी, अजून आहे आणि पाहुण्यांना ती चहाच्या आधी दाखवली जाते. आमच्याकडे शस्त्रक्रिया पुरी झाली असे तेव्हाच मानतात, जेव्हा डॉक्टर ट्रे घेऊन बाहेर येतात आणि काढलेली वस्तू नातेवाइकांना दाखवतात.

“अक्का, पोट उघडून काढून टाकायची,” मामाने बसायच्या आधीच निकाल दिला. “जे आत होतं ते बाहेर दिसलं पाहिजे. त्याला ऑपरेशन म्हणतात. काय सायंटिस्ट बाई, खरं की खोटं?”

“मामा, गाठ मेल्यावर आत राहिली तरी चालते. शरीर तिला हळूहळू निकालात काढतं.”

“हळूहळू! रेल्वेतही आमच्या अर्जांबद्दल असंच सांगायचे.” तो आईकडे वळला. “घरात उंदीर मेला तर आपण बाहेर टाकतो की नाही? का म्हणतो, राहू दे, भिंत त्याला हळूहळू निकालात काढील?”

आई खो खो हसली. मीही हसले.

पुढच्या भेटीला आई माझ्याबरोबर तिसऱ्या डॉक्टरांकडे आली. मी प्रश्नांची जुळवाजुळव करून गेले होते: बर्फाच्या कडेचे तापमान किती, पित्तनलिका वाचवण्यासाठी काय करणार, गाठीचा एखादा कण राहिला तर पुढे काय. डॉक्टरांनी प्रत्येकाचे शांतपणे उत्तर दिले, आणि प्रत्येक उत्तरात ‘बहुतेक’ हा शब्द होता. तो प्रामाणिकपणाचा शब्द आहे, हे मला कळत होते. माझ्या अहवालांत मी तो रोज वापरते. तिथे त्याचा त्रास होत नाही.

मग आईने तिचा एकुलता एक प्रश्न विचारला. “बाई, मला फेब्रुवारीत उभं ऱ्हाता येईल का?”

“फेब्रुवारीत काय आहे, मावशी?”

“गुलाबं.”

डॉक्टरांना क्षणभर अर्थबोध झाला नाही. मावळातल्या पॉलिहाऊसचे सगळे वर्ष परदेशातल्या प्रेमदिनाआधीच्या त्या थोड्या दिवसांवर उभे असते, विमानाने पेट्या जातात, फुलांची प्रतवारी लावायच्या ग्रेडिंगच्या टेबलावर अनुभवी हात कमी पडून चालत नाही, हे मी त्यांना सांगितले. मोठी शस्त्रक्रिया झाली तर फेब्रुवारी निघून जाईल, असे त्या म्हणाल्या. सुईने केले तर आई त्याच्या खूप आधी कामावर असेल.

“मंग सुईच टोचा,” आई म्हणाली आणि पिशवी उचलून उभी राहिली.

मी इतके दिवस शोधनिबंध वाचत होते. थंडी की उष्णता की सुरी, याचा निकाल फुलांच्या हंगामाने लावला. हे कारण चुकीचे आहे असे मला वाटले. पण त्या कारणाने निघालेले उत्तर चुकीचे आहे, असे मला कुठल्याही आधाराने म्हणता येईना.

मामाने फोनवर आकांडतांडव केले. “तिकडच्या पोरापोरींच्या प्रेमापायी तू ऑपरेशन ठरवलंस, अक्का?”

“त्येंच्याच प्रेमावर ही शिकली,” आई म्हणाली. “आता ठेव फोन.”

उपचाराच्या दिवशी आईला पूर्ण भूल दिली नव्हती; जागा बधिर केली होती आणि गुंगीचे औषध दिले होते. माझे काम काय आहे हे ठाऊक असल्यामुळे डॉक्टरांनी मला काचेमागच्या खोलीत, पडदे पाहणाऱ्या तंत्रज्ञांच्या मागे, उभे राहू दिले. विणायच्या सुयांसारख्या दोन सुया आईच्या बरगड्यांखालून आत गेल्या. वायू सुरू झाला. पडद्यावर करड्या यकृतात एक काळसर लंबगोल उमटला आणि वाढू लागला. त्याची कड इतकी स्वच्छ होती की पाहताना समाधान वाटावे. गाठ त्या काळेपणात दिसेनाशी झाली, तरीही डॉक्टरांनी वायू चालूच ठेवला. का, ते मला माहीत होते. बर्फाची कड म्हणजे मृत्यूची कड नव्हे. कडेपाशी नुसते गोठलेले असते. मेलेले असते ते बरेच आत. म्हणून बर्फ गाठीच्या पुढे जावा लागतो, आणि पुढे पित्तनलिका होती. त्या दोघींच्या मध्ये कुठेतरी डॉक्टरांना थांबायचे होते. त्या थांबल्या. ती जागा बरोबर होती का, हे पडद्यावर दिसत नव्हते.

मग वितळणे सुरू झाले. कोणी काही करत नव्हते. लंबगोल स्वतःहून, अगदी आळसाने, आक्रसत होता. माझे हात शिवशिवू लागले. इतकी वर्षे मी वितळणाऱ्या प्रत्येक कुपीसाठी पाण्याकडे धावले आहे. सावकाश वितळणे म्हणजे नुकसान, हे माझ्या बोटांना ठाऊक आहे. इथे ते नुकसानच हवे होते, आणि ते माझ्या आईत होत होते. मी हात तिथे घालायला दिलेल्या एप्रनच्या खिशात घातले. दुसऱ्यांदा गोठवले तेव्हा मी पडद्याऐवजी आईच्या पावलांकडे पाहत राहिले. पावले हलत होती. तिने एका परिचारिकेला काहीतरी विचारले, नंतर कळले की ती म्हणाली होती, “आत गार का लागत न्हाई मला?”

बाहेर मामा सकाळपासून बसला होता. “नातेवाईक कोण?” अशी हाक आली तसा तो शर्ट नीट करून, एखादी जड वस्तू स्वीकारायला जावे तसा पुढे गेला. डॉक्टर मोकळ्या हातांनी उभ्या होत्या.

“व्यवस्थित झालं,” त्या म्हणाल्या.

“दाखवा.”

“काय?”

“काढलेलं.”

“काढलं काही नाही, काका. आतच आहे.”

मामाने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. दोन भोकांवर पट्ट्या लावून बहीण परत मिळते आणि दाखवायला काहीच मिळत नाही, याचे काय करायचे ते त्याला समजत नव्हते. मलाही समजत नव्हते, आणि त्या एका गोष्टीत आम्ही दोघे प्रथमच एका बाजूला होतो.

महिन्याभराने पुन्हा स्कॅन झाला. पडद्यावर गाठीच्या जागी आता गाठीपेक्षा मोठा काळा डाग होता. हे अपेक्षितच असते. मारलेला भाग गाठीपेक्षा मोठा असायलाच हवा. हे मी वाचले होते, तरी डागाचे माप मी डॉक्टरांना पुन्हा घ्यायला लावले. गाठ वाढली तर चित्र मोठे दिसते आणि गाठ मेली तरी चित्र मोठेच दिसते, अशी ही विलक्षण परीक्षा होती. शिवाय डागाच्या एका कडेला, पित्तनलिकेच्याच बाजूला, एक बारीक पांढरी रेघ होती.

“जखम भरताना अशी रेघ दिसू शकते,” डॉक्टर म्हणाल्या. “गाठीचा अंश उरला असेल तरीही दिसू शकते. आज सांगता येणार नाही. पुढच्या स्कॅनमध्ये रेघ जाड झाली तर पुन्हा गोठवावं लागेल. गेली तर गेली.” मग त्यांनी आईचे वजन पाहिले आणि कपाळाला आठी घातली. वजन उतरले होते. यकृताच्या तपासण्या तर आधीपेक्षा बऱ्या आल्या होत्या. वजन उतरण्याचे कारण त्यांत कुठेच दिसत नव्हते.

बाहेर येऊन मी आईला सांगू लागले. काळ्या डागाचा अर्थ, रेघेचे दोन अर्थ, तपासण्यांचा कल. तिने मला बोलू दिले.

“तुला कळलं न्हाई, असं म्हण की सरळ.”

“हो. मला कळलं नाही.”

“आन् डाक्टरीणबाईला?”

“त्यांनाही आज नाही.”

“मंग कशाला एवढं बोललीस? चल, गाडी गाठू.”

फेब्रुवारीत ती ग्रेडिंगच्या टेबलाशी उभी राहिली. गावच्या बुद्धविहारात तिच्याबरोबर वंदनेला बसणाऱ्या बायका तिला भेटून जात आणि मला बाजूला घेऊन म्हणत, “लय वाळली गं तुजी आई.” मला ते दिसत होते. विषाणूवरची गोळी ती चुकवत नव्हती, ताप नव्हता, डोळे पिवळे नव्हते. त्या रेघेशिवाय मला दुसरे कारण सापडत नव्हते. विद्यापीठांकडून उत्तरे येऊ लागली होती. एका ठिकाणी मुलाखतही झाली, आणि त्या मुलाखतीत थंडीने पेशी कशा मरतात यावर मी इतके सफाईदार बोलले की नंतर माझाच माझ्यावर विश्वास बसेना.

हंगाम संपल्यावर दुसरा स्कॅन झाला. डॉक्टरांनी जुने आणि नवे चित्र शेजारी शेजारी लावले. डाग आक्रसला होता. रेघ नव्हती. मी त्या जागेकडे इतकी वाकून पाहू लागले की डॉक्टरांनी खुर्ची मागे घेतली.

“पुढेही बघत राहावं लागेल,” त्या म्हणाल्या. “नवी गाठ कुठेही होऊ शकते, यकृत अजून तसंच कडक आहे. पण ही मेली.”

“मेली म्हंजी पुरती?” आईने विचारले.

“पुरती, मावशी.”

“आता तिला काही लागत न्हाई?”

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. मलाही नाही. “नाही,” त्या सावधपणे म्हणाल्या, “काही लागत नाही.”

येताना सोमाटणे फाट्यावर आईने रिक्षा थांबवायला लावली आणि हॉटेलात जाऊन मिसळ मागवली. ती एकाग्रपणे, मान खाली घालून जेवली. ताट पुसून घेतले आणि पोऱ्याला पुन्हा हाक मारली. मी पाहत राहिले. गेल्या कित्येक महिन्यांत तिला एक भाकरी पुरी संपवताना मी पाहिले नव्हते. भूक मंदावणे हे यकृताच्या आजाराचे लक्षण आहे, म्हणून त्याकडे मी लक्षण म्हणूनच पाहिले होते.

“भूक लागली एवढी?” मी विचारले.

“भूक रोजच लागायची,” ती म्हणाली. “पर मी खाल्लं की तिला बी मिळणार. कलेजीतच बसलीया, पैला घास तिचाच. तिला कशाला पोसू?”

उपाशी राहिल्याने गाठ उपाशी राहत नाही, आधी माणूस झिजतो, हे सांगायला मी तोंड उघडले. तेवढ्यात दुसरी मिसळ आली. आईने त्यात कांदा घातला, लिंबू पिळले आणि पावाची लादी माझ्यापासून आपल्याकडे ओढून घेतली.